मालीतला पिवळा धोतरा: मलेरियावरचा काढा उलट्या वाटेने तपासला तेव्हा

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या दक्षिणेला सिकासो हा भाग आहे. पाऊस बऱ्यापैकी, शेती बऱ्यापैकी आणि मलेरिया भरपूर. इथला परजीवी म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपॅरम, मलेरियाच्या जातींमधला सर्वांत जीवघेणा. त्याचा मार सर्वाधिक बसतो तो पाच वर्षांखालच्या मुलांना. मूल तापाने फणफणलं की दवाखाना लांब, हातात पैसे नाहीत आणि पावसाळ्यात रस्ता धड नाही. अशा वेळी घरातली माणसं जे करतात ते जगात कुठेही करतील तेच: माहितीतल्या झाडपाल्याचा काढा उकळतात.

२००० नंतरची काही वर्षं या गावांसाठी विशेष अडचणीची होती. स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीचं क्लोरोक्विन आफ्रिकेत निकामी होत चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचाराची शिफारस केली, पण ती औषधं महाग होती आणि टोकाच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. मधल्या काळात लोक काढे पीतच होते. राजधानी बामाकोच्या पारंपरिक औषध विभागातले संशोधक आणि त्यांचे स्वित्झर्लंड-ब्रिटनमधले सहकारी यांनी प्रश्न हातात घेतला तो असा: लोक जे पितात त्यातलं काही खरोखर उपयोगाचं आहे का, आणि असेल तर ते कळायला पंचवीस वर्षं लागायलाच हवीत का?

वनस्पतीपासून औषध शोधायची रूढ वाट सगळ्यांना ठाऊक आहे. झाड आणा, अर्क काढा, काचेच्या बशीत परजीवींवर टाकून पाहा, जोरदार दिसला तर त्यातला रेणू वेगळा करा, मग उंदीर, मग विषबाधेच्या चाचण्या आणि सगळ्यांत शेवटी माणूस. या वाटेने मोठी औषधं मिळाली आहेत. १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं झालं. १९६७ मध्ये चीनने सुरू केलेल्या ‘५२३’ या गुप्त प्रकल्पात तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या नोंदीचा माग काढत आर्टेमिसिनिनपर्यंत मजल मारली आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण या वाटेवर पैसा आणि वर्षं अफाट लागतात, आणि बशीत चमकलेले बहुतेक अर्क माणसापर्यंत पोचतच नाहीत.

मालीच्या गटाने क्रम उलटा केला. आधी रुग्ण, मग मात्रा, मग तुलना आणि शेवटी प्रयोगशाळा. ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ हे या पद्धतीचं नाव मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी रुजवलं. कल्पना मात्र जुनीच. सर्पगंधा रक्तदाब उतरवते हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडलं, तेही रुग्णांना देऊन आणि मोजून. रेणूंचा हिशेब नंतर लागला.

घरोघरची विचारपूस

पहिली पायरी दिसायला अगदी साधी. सिकासो आणि कोरड्या पठारावरचा बांदियागारा या दोन भागांत कुटुंबांना विचारायचं: अलीकडे घरात कुणाला मलेरिया झाला होता? काय दिलं? पुढे काय झालं? अशा ९५२ आजारपणांची नोंद झाली. त्यांत ६६ वनस्पती आल्या, काही एकट्या, बऱ्याचशा दोन-तीन मिळून.

इथे नेहमीच्या वनौषधी सर्वेक्षणाशी असलेला फरक महत्त्वाचा आहे. नेहमीचं सर्वेक्षण ‘कोणतं झाड कशासाठी वापरता’ एवढंच विचारतं आणि यादी छापून मोकळं होतं. अशा याद्यांचे ढीग पडले आहेत. यादीतून एवढंच कळतं की झाड लोकप्रिय आहे. लोकप्रिय असण्याचं कारण ते घराजवळ उगवतं हे असू शकतं, कडू लागतं हेही असू शकतं. मालीतल्या गटाने उपचाराला परिणाम जोडला. कुठल्या काढ्यानंतर माणूस बरा झाला, कुठल्यानंतर आजार वाढला, कुठल्यानंतर दुसरं औषध शोधावं लागलं, याची सांगड घातली.

सांगड घातल्यावर वर आलं आर्जेमोन मेक्सिकाना, म्हणजे आपला पिवळा धोतरा. मूळ मेक्सिकोकडचं हे झाड आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पडीक जमिनीवर माजलेलं दिसतं. पानांवर पांढरट शिरा, कडेला काटे, पिवळं फूल आणि देठ मोडला की पिवळा चीक. या झाडाच्या जमिनीवरच्या भागाचा काढा घेतलेल्या ३० रुग्णांची नोंद मिळाली आणि तिसांच्या तिसांचे घरचे सांगत होते की माणूस बरा झाला.

तीसपैकी तीस हा आकडा डोळे दिपवतो, म्हणून त्याच्याशी थोडं थांबायला हवं. संख्याशास्त्रातला एक साधा नियम आहे: तीस जणांत एकही अपयश दिसलं नाही, तरी खरं अपयशाचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं. शिवाय निदान घरच्यांचं. आठवण घरच्यांची. ज्या आईचं मूल दगावलं ती सर्वेक्षकाशी बोलेलच असं नाही. मलेरिया समजून काढा दिलेला ताप दुसराच कुठला, आपोआप उतरणारा असू शकतो. या त्रुटी पद्धतीत अंगभूत आहेत आणि गटाने या पायरीकडून अपेक्षाही बेताची ठेवली होती. ६६ वनस्पतींमधून पुढे कोणाला न्यायचं एवढंच ठरवायचं होतं. चाळणी म्हणून ही पायरी मला पटते. पुरावा म्हणून कुणी तिचा दाखला द्यायला लागलं, तर मात्र सावध व्हावं.

मात्रेची शिडी

दुसरी पायरी हा या प्रकरणाचा गाभा आहे. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रश्न असा होता की काढा काम करतो की नुसता वेळ मारून नेतो, हे कसं ओळखायचं? वैज्ञानिक सवय सांगेल की अर्ध्या रुग्णांना खोटा काढा द्या आणि पाहा. पण फाल्सिपॅरमची लागण झालेल्या तान्ह्या मुलाला जाणूनबुजून रंगीत पाणी पाजायचं ही कल्पनाच कुठलीही नीतिसमिती उडवून लावेल, आणि लावायलाच हवी. मग तुलना कशाशी करायची?

उत्तर होतं: काढ्याची काढ्याशीच. एका वैदूबरोबर काम ठरलं. ताप घेऊन जे लोक स्वतःहून त्याच्याकडे येत, त्यांचं रक्त तपासायचं. एका मायक्रोलिटरमध्ये दोन हजारांपेक्षा जास्त परजीवी असतील आणि धोक्याचं एकही लक्षण नसेल, तरच अभ्यासात घ्यायचं. झटके, बेशुद्धी, पाणीही पोटात न ठरणं असं काही असेल तर काढ्याचा प्रश्नच नाही. असे ८० रुग्ण झाले. त्यातले ८० टक्के पाच वर्षांखालचे आणि चौथा हिस्सा वर्षाच्या आतला. हा तपशील वाचून जरा दचकायला होतं. पण मलेरियाने मरतात ती हीच मुलं, आणि वैदूकडे येतात तीही हीच.

तीन गट झाले. पहिल्या २३ जणांना दिवसातून एकदा, तीन दिवस काढा. पुढच्या ४० जणांना दिवसातून दोनदा, सात दिवस. शेवटच्या १७ जणांना पहिले चार दिवस रोज चार वेळा, मग तीन दिवस रोज दोनदा. चौदाव्या दिवशी पाहिलं की समाधानकारक प्रतिसाद किती जणांत आहे. उत्तरं आली ३५ टक्के, ७३ टक्के आणि ६५ टक्के.

आकड्यांवरून माणसांकडे येऊ. पहिल्या गटात २३ पैकी ८, दुसऱ्यात ४० पैकी २९, तिसऱ्यात १७ पैकी ११. मात्रा वाढवली आणि यश दुपटीहून वर गेलं. ताप निव्वळ काळाच्या ओघात उतरत असता, तर एक पेला आणि दोन पेले यांत एवढी दरी पडायचं कारण नव्हतं. खोट्या औषधाची जागा इथे कमी मात्रेने भरून काढली. ती कमी मात्रा देताना कुणी कुणाला फसवलं नव्हतं आणि न सुधारणाऱ्याला आधुनिक औषध द्यायची सोयही होती. पैशांची चणचण आणि नीतीचं बंधन दोन्ही सांभाळून इतका नेमका प्रश्न विचारलेला फार क्वचित पाहायला मिळतो.

तरीही फट आहे. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. आधी कमी मात्रेचे रुग्ण, मग वाढीव मात्रेचे, असा क्रम होता. दरम्यान हंगाम पुढे सरकतो, डासांचं प्रमाण बदलतं, झाडाचं वय बदलतं आणि पानांतली द्रव्यंही बदलतात. यातल्या कशाने ३५ चे ७३ झाले असतील अशी शंका कुणी काढली तर ती फेटाळता येणार नाही. ७३ आणि ६५ यांच्यातल्या फरकाला तर काहीच अर्थ नाही, कारण शेवटचा गट सतरा जणांचाच. त्यावरून ‘जास्त मात्रा घातक’ असं काढणं चुकीचं, पण जास्त मात्रेने काही वाढीव पदरात पडलं नाही एवढं खरं. म्हणून पुढच्या पायरीसाठी मधली मात्रा धरली गेली.

या अभ्यासातला सर्वांत अडचणीचा निकाल वेगळाच आहे. परजीवी पूर्णपणे नाहीसे झालेले रुग्ण अगदी थोडे होते. ज्यांचा प्रतिसाद समाधानकारक मानला, त्यांच्यातल्या ६७ टक्के लोकांच्या रक्तात चौदाव्या दिवशी परजीवींची संख्या दोन हजारांच्या खाली आली होती, इतकंच. मूल खेळतंय, ताप नाही, भूक लागतेय आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी अजून दिसताहेत.

मग मूल बरं झालं का?

याचं उत्तर ते मूल राहतं कुठे यावर अवलंबून आहे. जिथे वर्षानुवर्षं डास चावतात, तिथे जी मुलं पहिली काही वर्षं तगतात त्यांच्या शरीरात हळूहळू अर्धवट प्रतिकारशक्ती तयार होते. थोडे परजीवी अंगात वागवत ती शाळेत जातात, गुरं राखतात. काढ्याने परजीवींची संख्या खाली ढकलली आणि उरलेलं काम शरीराने सांभाळलं, असं सिकासोत घडू शकतं. हाच काढा मलेरिया कधी न झालेल्या माणसाला दिला, तर उरलेले परजीवी त्याला चार दिवसांत गाठतील. सिकासोतला निकाल दुसऱ्या मातीत तसाच लावायचा नाही, ही अट प्रत्येक आकड्यासोबत वाचली पाहिजे. आणि सिकासोतसुद्धा उरलेले परजीवी निरुपद्रवी नसतात. ते रक्तक्षय वाढवतात आणि डासामार्फत शेजाऱ्याकडे जातात.

८९ आणि ९५

तिसरी पायरी म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली. मालीच्या एका दूरच्या गावात मलेरिया असावा असं लक्षणांवरून वाटलेल्या ३०१ रुग्णांना दोन गटांत विभागलं. निम्मे रुग्ण पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान. सुमारे दोनतृतीयांश लोकांना काढा, बाकीच्यांना आर्टेसुनेट-अमोडियाक्विन, म्हणजे आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त गोळ्या. पाठपुरावा २८ दिवसांचा.

मोजलं काय? परजीवी नव्हे. दुसरं औषध द्यावं लागलं का आणि आजार गंभीर झाला का, हे दोन प्रश्न. काढ्याच्या गटात ८९ टक्के लोकांना दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही, गोळ्यांच्या गटात ९५ टक्के लोकांना. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत गंभीर मलेरियाकडे गेलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे १.९ टक्के. त्याहून मोठ्यांमध्ये एकही नाही. झटके किंवा बेशुद्धी कुणालाच नाही.

हे आकडे काढ्याच्या चाहत्यांनी जगभर नेले आणि ‘गोळीइतकाच गुणकारी’ असं छापून टाकलं. आता हेच आकडे उलटे धरून वाचा. दुसऱ्या औषधाची गरज काढ्याच्या गटात ११ टक्के, गोळ्यांच्या गटात ५ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. ८९ टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असण्याची शक्यता दाट आहे तो, ८४.१ ते ९३.२, आणि ९५ टक्क्यांचा ८८.८ ते ९८.३. दोन्ही एकमेकांत शिरतात, म्हणून ‘फरक सिद्ध झाला नाही’ म्हणता येतं. फरक नाही हे सिद्ध झालं, असं मात्र म्हणता येत नाही. या दोन वाक्यांत गल्लत करणारे लेख वनौषधींच्या क्षेत्रात फार.

१.९ टक्क्यांचंही तेच. गोळ्यांच्या गटात शंभरेक लोक, त्यातली पाच वर्षांपर्यंतची मुलं पन्नासच्या आसपास. पन्नासातले १.९ टक्के म्हणजे एक मूल. काढ्याच्या गटात त्याच हिशेबाने दोन. एक आणि दोन मुलांवर उभी असलेली बरोबरी एखाद्या मुलाने हलू शकते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. रुग्ण निवडले ते लक्षणांवरून. घरी आई जसं ओळखते तसंच ओळखायचं, हा हेतू होता आणि खऱ्या परिस्थितीशी तो सुसंगतही होता. पण तापाचे सगळे रुग्ण मलेरियाचे नसतात. सर्दीचा ताप काढ्यानेही उतरतो, गोळीनेही उतरतो आणि काही न घेताही उतरतो. असे रुग्ण दोन्ही गटांत जितके मिसळतील, तितके दोन्ही गटांचे निकाल एकमेकांकडे सरकत जातात. कमजोर औषध आणि दमदार औषध यांच्यातली दरी बुजवायचा हा हुकमी मार्ग आहे. संशोधकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, गणित मात्र त्यांच्या निष्कर्षाच्या बाजूने झुकलेलं आहे. त्यात चाचणी उघडी: कुणाला काढा आणि कुणाला गोळी हे सर्वांना दिसत होतं.

योगायोग म्हणा, ही चाचणी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. संशयित मलेरियाच्या प्रत्येक रुग्णाचं, वय काहीही असो, आधी रक्त तपासा आणि मगच औषध द्या. बोटातून थेंब घेऊन पंधरावीस मिनिटांत निकाल सांगणाऱ्या किटमुळे हे गावपातळीवर शक्य झालं होतं. लक्षणांवरून उपचार करायच्या जगासाठी आखलेल्या चाचणीचा पायाच त्यामुळे सरकला.

संशोधकांनी स्वतः काय मागितलं होतं ते बघण्यासारखं आहे. आर्टेमिसिनिनची जागा काढ्याला द्या, असं ते म्हणाले नाहीत. जिथे मलेरियाचं प्रमाण फार आहे तिथे काढा पूरक म्हणून तपासून पाहावा, म्हणजे आर्टेमिसिनिनवरचा वापराचा ताण कमी होऊन प्रतिरोध लांबेल, हा एक मुद्दा. औषध मिळायला उशीर होणार असेल तिथे प्रथमोपचार म्हणून, हा दुसरा. पहिला मुद्दा मला लंगडा वाटतो. आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियात आणि मग रवांडासारख्या आफ्रिकी देशांतही सापडले, तेव्हा काळजी रास्तच होती. पण अर्धवट मारलेले परजीवी अंगात ठेवून त्यांचा प्रसार चालू ठेवणं हा प्रतिरोध लांबवायचा उपाय कसा, हे कुणी समाधानकारक समजावलेलं नाही. दुसरा मुद्दा मात्र भक्कम आहे.

बिया, चीक आणि तीन रेणू

पिवळा धोतरा म्हटल्यावर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मलेरिया आठवत नाही, ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ आठवते. या झाडाच्या बिया मोहरीसारख्या काळ्या आणि बारीक असतात. त्यांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशीच साथ आली आणि त्यात साठांहून अधिक माणसं गेली. दोष त्या तेलातल्या सँग्विनारिन या विषारी द्रव्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा.

तेव्हा हेच झाड मुलांना उकळून पाजायचं? काढा जमिनीवरच्या हिरव्या भागाचा असतो आणि बियांचं तेल पाण्यात उतरत नाही, हे खरं. दोन्ही चाचण्यांत त्रास किरकोळच दिसला, हेही खरं. पण चाचणीतला काढा जाणत्या हाताने केलेला होता. बोंडं धरलेलं झाड मुळापासून उपटून सगळंच्या सगळं कुटून टाकणारा माणूस उद्या भेटणार नाही असं नाही. एखाद्या वनस्पतीचं ‘सुरक्षित’ असणं झाडाला चिकटलेलं नसतं. कुठला भाग, कुठल्या महिन्यात, कशात उकळून आणि किती दिवस, या सगळ्याला मिळून ते लागू होतं.

चौथी पायरी म्हणूनच आली. काढ्यातले कोणते रेणू परजीवीवर काम करतात? बर्बेरीन, प्रोटोपिन आणि ॲलोक्रिप्टोपिन अशी तीन अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतींत सापडणारी नत्रयुक्त द्रव्यं, वेगळी केली गेली. तिन्ही बशीत परजीवीला मारतात. बर्बेरीन आपल्याकडे दारुहळदीमुळे परिचित आहे. ते आतड्यातून रक्तात फारच कमी शिरतं आणि परजीवीखेरीज इतर पेशींनाही त्रास देतं. उरलेली दोन त्या मानाने निवडक, फाल्सिपॅरमवर नेम धरणारी. काढ्यात तिघांचं प्रमाण किती हे रेणू ओळखणाऱ्या एनएमआर यंत्राने मोजलंही गेलं. पण पेल्यातलं द्रव्य रक्तात किती पोचतं हे कळल्याशिवाय यांपैकी कोणाला दर्जा तपासायची खूण मानायचं हे ठरत नाही, आणि असा अभ्यास व्हायला हवा हे संशोधकांनीच लिहून ठेवलं.

ही अडचण उलट्या वाटेचीच आहे. रूढ वाटेने आलेल्या गोळीत काय आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, ती माणसात चालेल का हे नसतं. इथे माणसात काय होतं ते आधी कळलं आणि पेल्यात नेमकं काय आहे हे शोधायचं राहिलं. तरी सगळं मिळून सहा वर्षांत प्रमाणित वनौषध हाती आलं आणि मालीच्या सरकारने त्याला ‘सुधारित पारंपरिक औषध’ म्हणून मान्यताही दिली. वेगाच्या बाबतीत रूढ वाट याच्या जवळपासही येत नाही.

घाई केली की काय होतं याचं उदाहरण शेजारच्याच विषयात आहे. आर्टेमिसिया या झाडाचा चहा गोळीपेक्षा सरस ठरला असा दावा करणारा काँगोतल्या चाचणीचा लेख २०१९ मध्ये एका नामांकित नियतकालिकात आला आणि पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच आर्टेमिसियाचा चहा, पानं, भुकटी अशा कुठल्याही रूपाला पाठिंबा नसल्याचं स्पष्ट केलं होतं. त्या झाडात आर्टेमिसिनिन असतंच. तरी चहातून ते अपुऱ्या मात्रेत जातं, आजार उलटतो आणि परजीवीला औषधाशी जुळवून घ्यायची संधी मिळते. त्या तुलनेत मालीच्या गटाचे दावे किती मोजके होते हे जाणवतं. पिवळ्या धोतऱ्यात आर्टेमिसिनिन नाही, त्यामुळे प्रतिरोधाचा तो धोकाही त्याला लागू होत नाही.

पुढचा प्रश्न

मालीत सरकारी पहिला उपचार आजही आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांचाच आहे आणि तो तसाच असायला हवा. गोळी हाताशी असताना काढ्यावर वेळ घालवणाऱ्याने मुलाचा जीव धोक्यात घातला, असंच मी म्हणेन.

गोळी हाताशी नसते तेव्हाचं काय? साठा संपतो, नदीला पूर येतो, वाटेवर बंदूकधारी उभे असतात. मालीत २०१२ पासून हे शेवटचं कारण काही दुर्मीळ राहिलेलं नाही. अशा दोन-तीन दिवसांत काढ्याने मूल तगतं का, हाच या झाडाबद्दलचा खरा प्रश्न आहे. आणि तीनशे लोकांच्या चाचणीने नेमका हाच सोडला, कारण तिथे दुसरं औषध सतत हजर होतं. ते असणं भाग होतं. संशोधक गावात पोचले की त्यांच्या पिशवीतून गोळ्याही पोचतात, आणि गोळ्या पोचल्या की ‘गोळ्या नाहीत’ ही स्थितीच संपते. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी या पेचातून सुटू शकत नाही. औषध असताना ते रोखून धरायला कुणी परवानगी देणार नाही.

उरते ती पहिल्या पायरीचीच पद्धत, पण जास्त काटेकोर. साठा कुठल्या गावात कुठल्या तारखेला संपला याच्या नोंदी आरोग्यसेवकांकडे असतात. त्या तारखांना किटवर मलेरिया निघालेली मुलं, गोळी मिळेपर्यंत गेलेले तास, घरी दिलेला काढा आणि गोळी मिळाली त्या दिवशीची मुलाची अवस्था, अशी सांगड घालता येईल. यात कुणाला काही द्यायचं नाही, कुणापासून काही रोखायचं नाही. तीस नोंदींवर थांबून मात्र चालणार नाही. गंभीर मलेरिया शंभरात एक-दोन मुलांना होत असेल, तर काढ्याने त्यात फरक पडतो का हे सांगायला काही हजार मुलांच्या नोंदी लागतील, आणि त्या अनेक जिल्ह्यांतून, अनेक पावसाळ्यांत गोळा कराव्या लागतील.